मात्रावाले काका

गेल्या हिवाळ्यात माझं ब्लड प्रेशर इतकं खाली गेलं की मुलाने मला चादरीत गुंडाळून सिटी सेंटरच्या हॉस्पिटलात नेलं. शुद्ध आली तेव्हा हाताला नळी होती, नळीतून औषध थेंब थेंब आत जात होतं आणि उशाशी एक यंत्र सारखं टीं टीं करत होतं. पायांशी एक कोवळी डॉक्टरीण उभी. तिने माझ्या पायांचे दोन्ही अंगठे मुठीत धरले होते. मला वाटलं पोरगी पाया पडते आहे. आशीर्वाद द्यायला हात उचलते तोवर ती नर्सला म्हणाली, "पैर अभी भी ठंडे हैं. दवा थोड़ी बढ़ाओ."

मुलगा माझ्या तोंडाशी वाकला. "आई, काही बोलायचंय का?"

"नाही," म्हटलं आणि तोंड मिटून घेतलं.

त्याला वाईट वाटलं असेल. पण गार पडून परत येणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारू नये, हे मी आमच्या नया बाजारच्या घरमालकांपायी शिकले. आणि पायाला हात लावून गरम की गार बघणारं माणूस मी त्यांच्यानंतर हेच पहिलं पाहिलं.

सगळं लश्कर, म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा तो भाग, त्यांना मात्रावाले काका म्हणायचं. हेमगर्भाची मात्रा आता कोणाला ठाऊक नसेल. सोनं, पारा, तांबं असलं काय काय घालून केलेली, सुपारीएवढी, काळी, दगडासारखी टणक गोळी. माणसाला थंडगार घाम सुटला, नाडी लागेना, डोळे फिरले, की ती सहाणेवर आल्याच्या रसात उगाळायची, वर मध घालायचा आणि जिभेला चाटवायची. माणूस डोळे उघडतो, घटकाभर बोलतो आणि जातो. वैद्य लोक काय म्हणत असतील ते म्हणोत, आमच्या दक्षिणी, म्हणजे इथल्या मराठी, घरांत ती जगवण्यासाठी नव्हतीच. बोलतं करण्यासाठी होती. ती घरात आली की आशा सोडली असं समजायचं आणि सगळ्यांनी खाटेभोवती जमायचं.

काकांचे पूर्वज दरबाराबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले. सरदारांच्या घरी कोणी अत्यवस्थ झालं की जाऊन मात्रा द्यायची, हे त्यांच्या घराण्याचं पिढीजात काम. संस्थान विलीन झालं, दरबारचं काम बंद झालं, पण काका थांबले नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "संस्थान गेलं म्हणून माणसं मरायची थांबली का?" उलट आता सरदारांचं बंधन नव्हतं. शिंप्याकडे, हलवायाकडे, कोणाकडेही जात. बोलावलं नाही तरी जात.

मी लग्न होऊन आले तेव्हा जेमतेम चौथी झालेली पोरगी होते. तांग्यातून उतरून माप ओलांडायला उभी राहिले तर हे पांढऱ्या मिशांचे, पगडीवाले गृहस्थ पुढे आले, वाकले आणि त्यांनी माझे पाय धरले. मी किंचाळले. म्हाताऱ्या माणसाने नव्या नवरीच्या पाया पडायचं म्हणजे माझं आयुष्यच घटलं! काका उभे राहिले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "ऊब चांगली आहे. टिकेल."

टिकले, हे खरं.

सगळ्यांच्याच पायांना त्यांचा असा हात. दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या, ओट्यावर झोपलेल्या माणसाच्या. लग्नाला त्यांना कोणी बोलवत नसे, मांडवात मात्रावाला म्हणजे अपशकुन. पण ताट घरी पोचतं करत. काका पाटावर बसून जिलबी खाताना म्हणायचे, "मला लग्नाचं जेवण पोचतं, लग्न पोचत नाही." दाल बाजारात ते ज्या दुकानासमोर उभे राहत तिथलं गिऱ्हाईक हळूच सरकायचं. नाक्यावरचा तांगेवाला तर तोंडावर म्हणायचा, "पंडितजी, बैठो ज़रूर, पर पहले बताओ किसके यहाँ जाना है. मेरी ससुराल उसी गली में है."

काका रागावत नसत. पगडी घालूनच दुपारची डुलकी काढायचे. ताटावरून उठून, हात न धुता गेलेले मी त्यांना पाहिलं आहे. कोणाच्या घरी गेले की आधी पाय बघायचे. ऊब असली तर गाठोडं सोडायचे आणि बायकांना खोलीबाहेर काढायचे. उगाळताना बाईमाणूस समोर चालत नाही, असा त्यांचा नियम. मग दार उघडायचं, सगळ्यांना आत घ्यायचं आणि रोग्याच्या कानाशी मोठ्याने म्हणायचं, "काय बोलायचं ते बोलून घ्या." पाय गार लागले तर गाठोडं सोडायचेच नाहीत. "वेळ गेली," म्हणायचे आणि चालू लागायचे. त्यानंतर कोणी डॉक्टर आणत नसे. काकांनी वेळ गेली म्हटलं की लोक गंगाजळ काढत.

सुईचा त्यांना राग. म्हणायचे, "इंजेक्शननं उठतो तो माणूस डॉक्टरचा असतो. मात्रेनं उठतो तो घरचा."

असं असून एके वर्षी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तापातून उठल्यावर एकाएकी घाम सुटला आणि त्या पडल्या, तेव्हा काकांनी गाठोड्याला हात लावला नाही. उघड्या डोक्याने रस्त्यावर धावले, तांगा आणला, काकूंना त्यात घातलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं. सुई दिली, काकू वाचल्या. गल्लीत कुजबुज झाली. काका म्हणाले, "घरच्या माणसाला आपल्या हातची मात्रा चालत नाही." लोकांनी मान हलवली. असेल तसा नियम, म्हणाले. मीही म्हटलं, असेल.

आम्ही त्यांच्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी, आमचे हे, दोन मुलं आणि सासरे. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. मामंजी संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते. फौज मोडली तसे घरी बसले. रोज संध्याकाळी त्यांचे रिसाल्यातले जोडीदार यायचे, त्यांना सगळे दफेदार म्हणत. दोघं मिळून नव्या राज्याला शिव्या घालायचे. दफेदारांची बायको काकू आजारी पडल्या त्याच वर्षी गेली होती. काका तिच्याकडेही गेले होते, पाय पाहून परत आले होते. दफेदारांनी त्याबद्दल काका वाईट असं कधी म्हटलं नाही. उलट म्हणायचे, "पंडितजी खरं बोलणारा माणूस आहे. उगाच चाटवून तिचे हाल केले नाहीत."

आमचे हे सरकारी कचेरीत कारकून. राज्यं पुन्हा नव्याने मांडली गेली, राजधानी भोपाळला ठरली आणि ह्यांची कचेरी उचलून तिकडे न्यायचा हुकूम आला. ठरलेल्या तारखेला भोपाळला हजर व्हायचं, नाही तर नोकरी संपली. दुसरं घरात कोणी कमावणारं नव्हतं.

मामंजींनी हुकूम ऐकला आणि म्हणाले, "आपले वाडवडील इथे आले ते घोड्यावर बसून आले. तू फायलींच्या मागे बैलगाडीतून जाणार?"

"रेल्वेनं जायचंय, बाबा," हे म्हणाले.

"तेच ते."

पण ह्यांचं जायचं ठरलं होतं. मी डबे बांधायला काढले होते.

तेवढ्यात ते झालं. जेठ महिन्यातली लू, म्हणजे भाजणारी हवा, वाहत होती. मामंजी भर दुपारी दाल बाजारातून आले ते उलट्या करतच. मग जुलाब. तिसरा प्रहर होतो तो ते खाटेवर आडवे, चेहरा राखेसारखा, हाक मारली तर ओ नाही. हे डॉक्टर आणायला पळाले. डॉक्टर दुसरीकडे गेले होते, तिथे निरोप ठेवून हे परत येईपर्यंत काका वर येऊन पोचले होते. त्यांनी मामंजींचे पाय धरले, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "आहे अजून." मला खोलीबाहेर काढलं.

परत आत गेले तेव्हा मामंजींचे ओठ काळे झाले होते आणि ते खोकत होते. डोळे उघडे. काका कानाशी ओरडले, "बोलून घ्या! मुलगा समोर आहे!"

मामंजींनी ह्यांचा हात धरला. "भोपाळला जाऊ नकोस," म्हणाले. "शब्द दे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मरणाऱ्या बापाला कोण नाही म्हणतो?

"नाही जाणार, बाबा. शब्द."

दफेदार तिथेच उभे होते, ते रडायला लागले. काकांनी डोळे पुसले आणि गाठोडं बांधलं.

मग डॉक्टर आले. तरुण मुलगा, घामाने भिजलेला. दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला, मामंजींचे काळे ओठ बघून भडकला. "ये किसने क्या चटाया है? आदमी के बदन का पानी ख़त्म हो गया, बीपी ज़मीन पर है, और आप लोग भजन सुन रहे हैं!" त्याने दंडात ब्लड प्रेशर वर आणायची सुई टोचली. मामंजींची पगडी ज्या खुंटीला असायची तिथे सलाईनची बाटली टांगली आणि स्वतः खाली जमिनीवर बसून राहिला. दिवेलागणीला मामंजींनी ताक मागितलं.

इतका आनंद व्हायला हवा होता की नाही? पण आमच्या खोलीत कोणी कोणाकडे बघेना.

मामंजी भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. दुसरी पोळी वाढली तर ताटावर हात धरायचे. मी माझ्या स्वभावाप्रमाणे सरळ विचारलं, "मामंजी, आता बरे झालात. ह्यांना सांगा ना, जा म्हणून."

"मरताना बोललेलं जिवंतपणी कसं फिरवू, सूनबाई?"

"पण मेला नाहीत ना."

"तीच तर लाज आहे," म्हणाले.

काकांची तर वेगळीच तऱ्हा. त्यांच्या हातची मात्रा घेऊन कोणी असं खडखडीत बरं झालं नव्हतं. रोज सकाळी वर यायचे, मामंजींचे पाय चाचपायचे, "कसं वाटतंय?" विचारायचे. मामंजी ओशाळून म्हणायचे, "बरं आहे." काका मान खाली घालून जिना उतरायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, बरं असणं हा मामंजींचा गुन्हा आणि तो दोघांनी मिळून केलेला.

हजर व्हायची तारीख जवळ येत चालली. हे कचेरीतून येऊन अर्धे बांधलेले डबे बघत बसायचे. शेवटी मी एका दुपारी खाली गेले. काका ओसरीवर पगडी घालून बसले होते.

"काका, मामंजी बरे झाले."

"दिसतंय," म्हणाले.

"मग तो शब्द शेवटचा कसा?"

"मात्रेवर घेतलेला शब्द आहे, सूनबाई. तो मी कसा सोडवू?"

"बोला बोला म्हणून ओरडलं कोण? तुम्हीच ना? ते गुपचूप पडले होते. आता ह्यांची नोकरी जाईल. माझी पोरं उपाशी बसली की तुमची सहाण चाटवू का त्यांना?"

आतून काकूंचा आवाज आला, "अगं, हळू."

"हळू कशाला? सगळ्या गल्लीला बोलून घ्या म्हणतात, मग मला का नको?"

काकांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना बोडक्या डोक्याने एकदाच पाहिलं होतं, काकूंसाठी तांगा आणायला धावले तेव्हा. म्हणाले, "संध्याकाळी येतो वर."

संध्याकाळी मामंजी आणि दफेदार नेहमीसारखे बसले होते. हे नुकतेच आले होते. काका आले आणि सतरंजीवर बसले. ते रेशमी गाठोडं त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

"सूनबाई, उघडा."

"बाईमाणसानं हात लावायचा नसतो ना?"

"लावा. बाईमाणूस ओळखेल म्हणूनच लावू देत नव्हतो."

मी गोळी हातात घेतली. वर काजळ आणि तुपाचा थर होता, तो पदराने पुसला. खाली पिवळट करड्या रंगाचं, बारीक टेंगळांचं फळ. ते ओळखायला मला शाळा लागत नव्हती. धाकट्याच्या गुटीत मी रोज त्याचेच दोन वेढे उगाळत होते.

"हे मायफळ आहे," म्हटलं.

"मायफळच," काका म्हणाले. "खरी मात्रा वडिलांच्या हातीच झिजून संपली. माझ्याकडे आली ती डबी रिकामी होती. आणि लोक दारात उभे होते."

मामंजी पुढे सरकले. "म्हणजे मला पोराची गुटी चाटवलीत?"

"हो."

"मग मी उठलो कसा?"

"आल्याचा ठसका लागला म्हणून. तुम्ही हाकेनंही उठला असता कदाचित. ज्याचे पाय कोमट त्यालाच मी देत होतो. ज्याचे गार, तो माझ्यानं उठणार नाही हे मला कळायचं. मग मी वेळ गेली म्हणायचो."

मग मामंजी हसले. आजारानंतर पहिल्यांदा. खोकला येईपर्यंत हसले आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंस? गुटी चाटून बोललो मी! त्या शब्दाला काय विचारायचं? जा भोपाळला. सूनबाई, बांध गं डबे."

ह्यांनी डोळे मिटले. मलाही हसू फुटत होतं. तेवढ्यात दफेदार बोलले.

"माझ्या घरून परत गेला होतात, पंडितजी."

काका त्यांच्याकडे वळले. "हो."

"पाय गार आहेत म्हणालात."

"हो. गार होते."

"मी विचारलं होतं, डॉक्टर आणू का म्हणून. तुम्ही म्हणालात, आता नका टोचू बिचारीला."

"हो. म्हणालो."

"आणि स्वतःच्या बायकोला तांग्यात घालून नेलंत. सुईसाठी."

"हो," काका म्हणाले.

दफेदारांची बायको सुईने वाचली असती की नाही, देव जाणे. त्या काळी कितीतरी सुयांनीही वाचत नव्हत्या. हे काकांना बोलता आलं असतं. लोक सांत्वनाला हेच बोलतात. काका बोलले नाहीत. माफ करा असंही म्हणाले नाहीत. नुसते बसून राहिले, आणि दफेदार काठी टेकत उठले आणि कोणाकडे न बघता जिना उतरून गेले. ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. मामंजींचा जन्माचा सोबती गेला.

मला हवं होतं ते मिळालं होतं. माझ्या हातात ते मायफळ होतं आणि बोटं काळी झाली होती. हसायला लागलेलं तोंड कुठे न्यावं ते मला कळेना. मी उठले आणि चुलीशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "धूर."

आम्ही भोपाळला गेलो, मामंजी मात्र नया बाजारातच राहिले. क्वार्टर मिळालं, मुलं शाळेत जायला लागली, धाकट्याच्या पाठीवर तिसरं मूल झालं. सुखाने राहिलो, खोटं कशाला सांगू? पण कोणी म्हणालं, तुमचं नशीब, ह्यांची नोकरी राहिली, की मी विषय बदलायची. ती कशावर राहिली ते मला माहीत होतं.

इकडे लश्करात काकांचं तोंड बघेनासे झाले लोक. शिव्या देणारे होते. पण शिव्यांपेक्षा दुसरंच जास्त होतं. आमच्या समोरची शिंपीण मला सुट्टीत भेटली तेव्हा म्हणाली, "आमच्या सासऱ्यांनी जन्मभर मला छळलं, आणि मात्रेवर मला लेक म्हणाले. त्यावर मी आजवर जगले. आता ते खरं धरू की गुटी धरू?" मी म्हटलं, "खरं धर." ती म्हणाली, "तुझं काय जातंय म्हणायला!"

काकांनी गाठोडं विहिरीत टाकलं म्हणतात. पगडी घालायचं सोडलं. पाय बघणं तर बंदच झालं, बघू देणारं कोण होतं? रोज सकाळी आंघोळ करून ते घराबाहेर पडायचे आणि दफेदारांच्या दारापुढे पायरीवर जाऊन बसायचे. ऊन डोक्यावर आलं की घरी यायचे. मामंजींनी मला हे पत्रात कळवलं होतं तेव्हा मला वाटलं, चार दिवसांचं नाटक असेल. मी दोन वर्षांनी माहेरच्या लग्नाला आले तेव्हाही ते तिथेच होते.

मी थांबले. बरेच वाळले होते. मला बघून त्यांनी अंग चोरलं, जणू वाटेत बसले म्हणून मी रागावणार होते.

"काका, इथे काय करता?"

"काही नाही. बसतो."

"दफेदार बोलले का काही?"

"नाही." मग जरा विचार करून म्हणाले, "आत या म्हणाले नाहीत. ऊठ असंही म्हणाले नाहीत."

"मग किती दिवस असं?"

तेवढ्यात आतून दफेदारांचा खोकला ऐकू आला, मग काठीचा आवाज, दाराच्या अगदी जवळ. काका गडबडीने उभे राहिले, धोतराचा सोगा झटकला, हात जोडले. आम्ही दोघंही त्या दाराकडे बघत होतो. काठीचा आवाज थोडा वेळ थांबला आणि परत आत गेला. काकांनी जोडलेले हात खाली घेतले, पायरीवरची धूळ तळहाताने पुसली आणि पुन्हा तिथेच बसले.